तुटक रेघ

फोटो एकूण तीन.
पहिल्यात गाडी समोरून, धुळीत डोळे बारीक केल्यासारखी.
दुसऱ्यात मागून, पळून जाणाऱ्याची दिसते तेवढीच.
तिसऱ्यात डावी बाजू, अख्खी, लख्ख उन्हात,
आणि नेमका मधोमध टेकलेला
एक माणूस. हात खिशात.

एकोणीसशे चौतीस सालची. शर्यतीची.
कुठल्याशा परक्या गोदामात जळून गेली म्हणे,
आणि आमच्या डॉक्टर कारखानिसांना ती हवी आहे.
तशीच.
"तशीच म्हणजे, बाई, तशीच."

मी बेलापूर रोडच्या कंपनीत एकतीस वर्षं ड्रॉइंग काढली.
कंपनी गेली, त्या जागी बावीस मजले आले,
माझ्याकडे एक टी-स्क्वेअर राहिला.
अशा कामात खात्रीचं एक माप लागतं.
टायर होता: साडेपाच बाय अठरा.
आई शितावरून भात ओळखायची,
मी टायरवरून चाक काढलं, चाकावरून आस,
आसावरून बॉनेट, बॉनेटवरून शेपूट,
शेवटी त्या टेकलेल्या माणसाची उंचीसुद्धा निघाली.
पाच फूट सहा. बुटांसकट.

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
शेडमध्ये आंब्याच्या फळ्यांचा सांगाडा उभा राहिला,
माशाचं जेवण झाल्यावर ताटात राहतो तसा.
त्यावर पास्कोल पत्रा चढवत गेला,
वाळूच्या पिशवीवर थापटत, कानाने ऐकत.
रिवेट चारशे बारा.
भिंगातून मी दोनदा मोजले, एकदा चारशे अकरा भरले.
बॉनेटच्या झडपा चौदा, शेवटची कललेली.
कुणाची तरी शनिवार संध्याकाळ असणार ती.
आम्ही तीही कलती केली,
मंगळवारी सकाळी, गुण्या लावून.

राहिला पोचा.
शेपटावर, टोपणाच्या खाली, वीतभर.

पास्कोलने चाळीस वर्षं पोचेच काढले.
माजिवड्यापासून मुंब्र्यापर्यंतच्या रिक्षा, टेम्पो,
एकदा लग्नाच्या दिवशी नवरदेवाची गाडी, वरात थांबवून.
"आखी जिनगी काहाडलं, बाय,
नि आता मारू? मना नाय जमाचा."

तरी रद्दी पत्र्यावर मारून पाहिले.
हातोड्याचा पोचा हातोड्यासारखा दिसे,
नारळाचा नारळासारखा.
कोपराने मारला तो रागासारखा दिसला.
फोटोतल्या पोच्यात राग नव्हता.

शुक्रवारी इस्टेटची वीज नसते.
शेडमध्ये अंधार, शेजारच्या प्रेसचीही धडधड बंद,
पोऱ्याने चहा आणला, स्टूल सापडेना.
ज्याने गाडीवर बसला म्हणून
तीन पोऱ्यांना कामावरून काढलं
तो पास्कोल, ग्लास सांभाळत,
शेपटावर बसला.

टक्क.

आम्ही दोघं काही बोललो नाही.
त्याने चहा संपवला, मगच उठला.
मी टॉर्च लावला, खोली मोजली:
आमची अकरा मिलिमीटर.
फोटोवरून नऊ निघत होती.
"तो बारीक आसंल," पास्कोल म्हणाला,
आणि जन्मात पहिल्यांदा
एका पोच्यावरून नुसता हात फिरवून बाजूला झाला.

डॉक्टर आले. खाली वाकले.
झडपा मोजल्या, पोच्यात चार बोटं ठेवली.
मग तिसरा फोटो धरून विचारलं,
"आणि ह्याच्या मागे काय होतं?"

ड्रॉइंगमध्ये न दिसणारी कड तुटक रेघेने दाखवतात.
असते, पण आड असते, असा त्याचा अर्थ.
मी मात्र तिथे तुटक रेघ काढली ती
काही होतं की नव्हतं हेच माहीत नसताना.
एकतीस वर्षांत असं केलं नव्हतं.
आकडा असेल, नाव असेल, खरवडलेलं काही,
नाहीतर कोरा पत्रा.
पास्कोलने कोरा ठेवला.

गाडी न्यायला ट्रक आला त्या दिवशी
रोड बावीसवरचे सगळे पाहायला जमले.
प्रेसवाला, कँटीनवाला, समोरच्या काचेच्या इमारतीतली मुलं.
वॉचमन यादवला फोटो हवा होता.
तो केस सारखे करत पुढे झाला
आणि कुणी न सांगता
बरोबर तिथेच टेकला.
हात खिशात.